तोडलेल्या डाळिंबांची फिर्याद

ती घटना आठवली की अजूनही मन सुन्न होते. वास्तविक तिच्यात कुणाचा जीव गेला नव्हता, रक्ताचा थेंबही सांडला नव्हता. पोलीस खात्यातल्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून प्रेते वर काढताना काठावर उभा राहिलो. पण सोलापुरात आमच्या वसाहतीत संध्याकाळी फिरायला येणारी मंडळी जेव्हा विचारतात की साहेब, सगळ्यात मोठा धक्का तुम्हाला कुठल्या गुन्ह्याने बसला, तेव्हा मी डाळिंबाच्या दोन ओळींची हकिकत सांगतो.

निवृत्तीला थोडा काळ उरला असताना माझी नेमणूक सांगोला भागात होती. गावाचे आणि माणसांचे नाव सांगणार नाही. ती माणसे आजही तिथेच नांदतात, त्यांना नांदू द्यावे. ज्या दोघांची ही हकिकत आहे, त्यांना गाव ज्या नात्याने हाक मारत असे तेवढेच मी वापरतो. एक तात्या आणि दुसरे आबा. दोघेही साठीच्या आसपासचे, दोघेही डाळिंब बागायतदार. शेताला शेत लागून, मध्ये एकच बांध.

हा सगळा माळरानाचा भाग. पूर्वी तिथे बाजरीपलीकडे काही होत नसे. या दोघांनी तरुणपणी एकाच टेम्पोतून डाळिंबाची कलमे आणली, एकमेकांच्या रानात खड्डे काढले, दुष्काळात एकच टँकर दोघांत वाटून घेऊन झाडे जगवली. हे मला नंतर कळले. मी त्या भागात हजर झालो तेव्हा ते दोघे एकमेकांकडे बघतही नव्हते.

कारण राजकारण. गावात दोन पक्षांचे दोन तट पडले होते. तट सगळ्याच गावांत असतात, पण इथला प्रकार वेगळा होता. एसटी थांब्याच्या अलीकडे एका तटाचा चहाचा गाडा, पलीकडे दुसऱ्याचा. पिठाची गिरणी वेगळी, मोबाईलवरचे ग्रुप वेगळे, बायकांचे हळदीकुंकूसुद्धा वेगळे. शेताच्या हद्दीचे भांडण असेल तर मोजणी आणता येते. पाण्याचे असेल तर पाळी ठरवून देता येते. इथे मोजायला किंवा वाटून द्यायला काहीच नव्हते. एका तटाचा माणूस दुसऱ्या तटाबद्दल बोलताना नेहमी 'ते लोक' असे म्हणायचा. शेजारी राहणाऱ्या चुलत भावालासुद्धा 'ते लोक'.

तात्या एका तटाचे प्रमुख बोलणारे. विधानसभेच्या प्रचारात कुणा वक्त्याने व्यासपीठावरून सांगितले होते की ते लोक निवडून आले तर तुमच्या बागांवर कुऱ्हाड चालवतील. तात्यांनी ते मनावर घेतले. जिथे बसतील तिथे तेच सांगायचे. आबा दुसऱ्या तटाचे. स्वभावाने मिश्कील, पण जीभ तिखट. तात्यांची नक्कल करून ते चहाच्या गाड्यावर लोकांना हसवायचे. निवडणूक झाली आणि आबांच्या बाजूचा उमेदवार निवडून आला.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी एका सकाळी ठाणे अंमलदाराने फोन माझ्या हातात दिला. गावचे पोलीस पाटील बोलत होते.

"साहेब, लवकर या. तात्यांची बाग तोडलीया. लोक जमायला लागल्यात."

"कुणी तोडली?"

"ते मी कसं सांगू. पण समदं गाव एकच नाव घेतंय."

मी गाडी काढली, सोबत एक महिला हवालदार आणि दोन शिपाई घेतले, आणि जादा बंदोबस्त मागवून ठेवला. पोचलो तेव्हा बांधाकडच्या दोन ओळींतली झाडे आडवी पडली होती. फळे भरत आली होती. लालसर फळांनी लगडलेल्या फांद्या मातीत लोळत होत्या, आणि त्यांच्यामध्ये तात्या बसले होते. एका तुटलेल्या झाडाला दोन्ही हातांनी कव घालून ते रडत होते. आवाज नव्हता. खांदे हलत होते फक्त. रडण्याचे सोंग करणारी माणसे मी ठाण्यात रोज बघत होतो. हे सोंग नव्हते. मी त्यांना धरून उठवले. हातांवर, दंडांवर काट्यांचे ओरखडे होते.

पंचनामा सुरू केला. डाळिंबाला काटे किती असतात ते त्या दिवशी मला समजले. खोडाचे मोजमाप घेताना माझ्याच मनगटावर दोन-चार ओरखडे उठले. झाडे कुऱ्हाडीने तोडलेली नव्हती. छाटणीच्या करवतीने कापली होती, म्हणून रात्री कुणाला आवाज गेला नव्हता. एक गोष्ट मी पंचनाम्यात मुद्दाम लिहून घेतली. ठिबकची एकही नळी तुटलेली नव्हती. कापण्याआधी कुणीतरी नळ्या उचलून बाजूला ठेवल्या होत्या. माझे घराणे नातेपुत्याकडचे, शेतकऱ्याचे. सूड घ्यायला आलेला माणूस आधी पाण्यावर घाव घालतो हे मला माहीत होते. नळी जपणारा माणूस त्या बागेत राबलेला असणार. पण त्याचा अर्थ मी त्या वेळी वेगळाच लावला. तात्यांच्या बागेत घरच्यांखेरीज सगळ्यात जास्त राबलेला माणूस कोण, तर आबा.

फिर्याद देताना तात्या म्हणाले, "मी कुणाचं नाव घेत न्हाय. गावाला म्हाईत हाय."

दुपारपर्यंत त्यांच्या तटाचे पुढारी आले, कॅमेरेवाले आले. रस्ता अडवण्याची भाषा सुरू झाली. एका अनोळखी फोनवरून खबर मिळाली की आबांना पहाटे त्या बांधावर पाहिले आहे. पाठोपाठ माझ्या मोबाईलवर एक क्लिप येऊन पडली. तीच क्लिप चारपाच जणांनी पाठवली होती. चहाच्या गाड्यावर आबा बोलताना दिसत होते, "तात्याची झाडं बी आता त्यांच्याच पक्षाची झाल्यात. तोडायलाच पायजेत." भोवतीचे लोक खदखदून हसत होते.

संध्याकाळी तात्यांनी पुरवणी जबाबात आबांचे नाव दिले.

अटक करण्याइतका पुरावा माझ्याकडे नव्हता, आणि आबांना गावात ठेवणे धोक्याचे होते. म्हणून दिवसा चौकशीला ठाण्यात हजर राहायचे आणि रात्री सांगोल्यात मेहुण्याच्या घरी मुक्काम करायचा, असे ठरवून दिले. आबांनी तक्रार केली नाही. सकाळी अंघोळ करून, अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून यायचे आणि माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर बसायचे.

पहिल्या दिवशी मी कडक आवाजातच सुरुवात केली.

"पहाटे बांधावर गेला होतात?"

"गेलतो की. मोटार चालू करायला. आमच्यात लाईट पहाटंचीच असती."

"आणि तात्यांच्या बागेत?"

"न्हाय साहेब. लई दिवस झाले, त्या बांधाच्या पल्याड पाऊल टाकलं न्हाय."

मी क्लिप लावून मोबाईल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी ती पूर्ण पाहिली. चेहरा उतरला.

"हे कोण बोलतंय?"

"मीच की."

"मग?"

"मग काय साहेब. बोललो हे खरं हाय. तोडली न्हाईत हे बी खरं हाय. आता त्यातलं कुटलं खरं मानायचं, ते तुमी बघा."

संशयित माणूस सहसा दोन गोष्टी करतो. एक तर फिर्यादीला शिव्या देतो, नाहीतर त्याचे लफडे सांगून आपल्यावरची नजर तिकडे वळवतो. आबा यातले काहीच करत नव्हते. मी मुद्दाम डिवचून पाहिले. म्हटले, "तुमचा दुश्मन तर सांगतो की तुम्हीच."

ते म्हणाले, "तात्या असं म्हणत असतील तर त्येंना तसं वाटत असंल." चौकशीत तात्यांचा उल्लेख त्यांनी एकदाही एकेरीत केला नाही. त्यांच्या पक्षाबद्दल मात्र हवे तेवढे बोलले.

दुसऱ्या दिवशी जबाबावर सही घेताना माझी नजर त्यांच्या हातांवर गेली. उघडे हात, मनगटापासून कोपरापर्यंत स्वच्छ. एकही ओरखडा नाही. माझ्या मनगटावरच्या खपल्या अजून तशाच होत्या. दोन ओळी करवतीने कापणाऱ्या माणसाचे हात असे राहू शकतात का? पूर्ण बाह्या घालून गेला असेल, हातमोजे घातले असतील, असे म्हणता येते. न्यायालयात हा पुरावा ठरत नाही. पण माझी खात्री डळमळली.

मी पुन्हा घटनास्थळी गेलो. तात्या पुढाऱ्यांबरोबर तालुक्याला गेले होते. घरी त्यांच्या पत्नी होत्या. मी त्यांना मावशी म्हणायचो. त्यांनी पाणी आणून दिले आणि दारातच उभ्या राहिल्या.

"मावशी, त्या रात्री काही आवाज आला होता का?"

"मी जबाब दिलाय न्हवं. झोपले हुते."

मी उठून निघालो. फाटकापर्यंत गेल्यावर मागून त्या म्हणाल्या, "साहेब, आबांना सोडा. ते न्हाईत."

"तुम्हाला काय माहीत आहे?"

"मला काय म्हाईत न्हाय. पण ते न्हाईत." आणि त्या आत निघून गेल्या.

मी गाडीत बसून विचार केला. घरातलाच कुणी गडी असेल, कुणी भाऊबंद असेल. नवऱ्याचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही, कारण ते रडणे मी डोळ्यांनी पाहिले होते.

इकडे बाहेरचे वातावरण तापत चालले होते. तात्यांचा तट ठाण्यासमोर बसून घोषणा देऊ लागला. आबांच्या तटाने निष्पाप माणसाला छळता म्हणून निवेदन दिले. वरिष्ठांचे दिवसातून कितीतरी फोन येत. एका ग्रुपवर कुणीतरी लिहिले की त्यांनी दोन ओळी तोडल्या, आपण त्यांच्या सगळ्या बागा तोडू. हे वाचल्यावर मात्र मला घाम फुटला. डाळिंबाच्या पट्ट्यात ही आग लागली असती तर कुणालाच विझवता आली नसती.

त्या दुपारी आबा माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहिले.

"साहेब, मला एकदा तात्यांशी बोलू द्या. तुमच्या म्होरंच बोलतो."

मी नाही म्हणालो. फिर्यादीला आणि संशयिताला एकत्र बसवले की फिर्यादीवर दबाव आणल्याचा आरोप होतो. पण संध्याकाळपर्यंत माझ्याकडेही दुसरा मार्ग उरला नव्हता. वरिष्ठांना कळवून मी परवानगी घेतली. दुसऱ्या दिवशी तात्यांना त्यांची तयारी आहे का ते विचारून बोलावले. ते पुढाऱ्यांना घेऊन आले. पुढाऱ्यांना मी बाहेर बसवले, दार लोटून घेतले, आणि महिला हवालदारांना नोंद घ्यायला सांगितले.

आबा उठून उभे राहिले. "बसा तात्या," म्हणाले. तात्या बसले, पण भिंतीकडे बघत.

मला वाटले होते, आबा आपण निर्दोष असल्याचे सांगतील, गावाची शपथ घेतील, खोटे नाव का घेतले म्हणून जाब विचारतील. त्यांनी यातले काही केले नाही.

"तात्या, गाड्यावर मी जे बोललो ते वाईट बोललो. लोकं हसली, मला बी बरं वाटलं. तुमच्या घरात वैनींनी ते ऐकलं असंल. त्येची माफी मागतो. झाडं मी तोडली न्हाईत, पर ते बोलणं माझंच हाय."

आबा पुढे बोलत राहिले.

"तुमचं माझं पक्षाचं जमायचं न्हाय. तुमी तुमच्या जागी, मी माझ्या. ते ऱ्हाऊ द्या. मला निस्तं एक इचारायचंय. कुटल्या ओळी गेल्या?"

भिंतीकडे बघतच तात्या म्हणाले, "बांधाकडच्या."

"बांधाकडच्या म्हंजी आपण पयल्या लावल्या त्या?"

"व्हय."

आबांनी तोंडावरून हात फिरवला. "त्या तर औंदा लई भरल्या असतील. आणि बुंध्यापासून गेल्या, का वर काय खोड राखलंय?"

"ईतभर ऱ्हायलंय."

"मग फुटतील की. तात्या, कापावर बोर्डो लावलं का?"

बोर्डो म्हणजे कापलेल्या खोडाला लावायचे चुना-मोरचुदाचे औषध. ते लावले नाही तर खोडात बुरशी शिरते आणि मूळही मरते. हे मला नंतर समजले. त्या क्षणी मला एवढेच दिसले की तात्यांची मान भिंतीकडून पहिल्यांदा आबांकडे वळली.

"न्हाय लावलं."

"अजून न्हाय? एवढे दिस झाले, एवढी माणसं येऊन गेली, कुणीच लावलं न्हाय? आवो, उन्हानं वाळून जातील की ती. मला हितं बसवलंय, न्हायतर मी..."

आबांचे वाक्य पुरे झाले नाही. तात्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. बागेत पाहिले होते तसेच खांदे हलू लागले. मी पाण्याचा पेला पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही. हाताआडूनच ते म्हणाले,

"मीच तोडली, आबा."

महिला हवालदारांचा पेन थांबला. मी ऐकले ते बरोबर ऐकले का, हे कळण्यासाठी मी त्यांच्याकडे पाहिले, तर त्या माझ्याकडे बघत होत्या. बाहेर घोषणा चालूच होत्या. मी म्हटले, "तात्या, काय म्हणालात ते पुन्हा सांगा. हे नोंदीत जाणार आहे."

"लिव्हा साहेब. मीच तोडली. आमच्याच करवतीनं."

"का?"

त्यांनी जे उत्तर दिले, त्यासारखे उत्तर मला पूर्वी किंवा नंतर कुणी दिले नाही.

"समद्या प्रचारात मी लोकांना सांगत हुतो, हे लोक बागांवर कुऱ्हाड चालवणार. लोक मानायचे. मग हे निवडून आले. म्हैना गेला, दुसरा गेला. कुणी कुणाच्या झाडाला हातच लावीना. लोक इचारायला लागले, तात्या, कवा तोडणार? हसायला लागले. आमच्याच बाजूचे बी हसायचे. मला झोप लागंना झाली."

"म्हणून स्वतःची झाडं?"

"साहेब, ते कवा ना कवा तोडणारच हुते. मी निस्तं आधी केलं."

हे ते मला गंडवण्यासाठी सांगत नव्हते. त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती. गुन्हा कबूल करतानासुद्धा तो माणूस मनापासून मानत होता की जी गोष्ट होणारच होती, तीच आपण केली.

"आणि त्या सकाळी रडत होतात ते?"

"ते खरं हुतं. हातानं पाणी घालून वाढवल्यात ती. कापताना बी रडतच हुतो."

आबा इतका वेळ उभेच होते. त्यांनी विचारले, "तात्या, माझं नाव घ्यायचं आधीच ठरलं हुतं का?"

"न्हाय. तुमचं नाव लोकांनी घेतलं. मी न्हाय म्हणालो न्हाय, आन मग जबाबात बी तेच दिलं."

आबांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, मी घरी जाऊ का? मला आता काय बोलाय सुचंना." मी हो म्हटले. बाकावरची टोपी घेऊन ते मागच्या दाराने गेले. त्यांनी तात्यांना माफ केले असे मी लिहिणार नाही. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

पुढची कार्यवाही नियमाप्रमाणे झाली. आम्ही मुद्देमाल म्हणून करवत जप्त केली. मावशींचा नवा जबाब घेतला. त्यांनी पहाटे नवऱ्याला करवत धुताना पाहिले होते आणि तेव्हापासून त्यांच्या घशाखाली नीट घास उतरला नव्हता. गुन्ह्याची 'ब' समरी, म्हणजे फिर्याद खोटी असल्याचा अहवाल, न्यायालयाला सादर केला. खोटी फिर्याद दिल्याबद्दल तात्यांवर कारवाई झाली. न्यायालयात त्यांनी वकिलाचा सल्ला डावलून कबुली दिली आणि दंड भरला.

पण सत्य सापडले म्हणजे प्रकरण संपले, हा माझा समज कबुलीच्याच दिवशी पुसला गेला. ठाण्याबाहेरच्या जमावाला मी हकिकत सांगितली, तर कुणी विश्वास ठेवेना. पोलिसांनी मारून वदवून घेतले, असा गलका झाला. तात्या स्वतः पायरीवर येऊन म्हणाले, मला कुणी बोट लावलं नाही, मीच केलं. त्यावर त्यांच्याच एका कार्यकर्त्याने ओरडून विचारले, "किती दबाव टाकलाय तात्या तुमच्यावर?" पुढारी मात्र तोपर्यंत गाड्या काढून निघून गेले होते. इकडे आबांच्या तटाला जोर चढला. तात्यांची गावातून धिंड काढायची, अशी तयारी सुरू झाल्याची खबर आली. मी बंदोबस्त दुप्पट केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदोबस्तावरच्या शिपायाचा फोन आला. आबा बांध ओलांडून तात्यांच्या बागेत शिरले आहेत, अडवू का, असे तो विचारत होता. मी विचारले, हातात काय आहे? तो म्हणाला, बादली आणि ब्रश. मी म्हटले, अडवू नकोस. आबांनी दोन्ही ओळींच्या कापांना औषध लावले. मावशी बादली धरून सोबत फिरत होत्या. तात्या ओसरीवर बसून होते. दोघांत एक शब्दही झाला नाही. काम संपल्यावर आबा हात धुऊन आपल्या रानात गेले.

त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीसमोर मी शांतता बैठक बोलावली. अशा बैठका मी आयुष्यभर घेतल्या. लोक येतात, आपण सलोख्यावर भाषण करतो, चहा होतो, लोक जातात. या वेळी दोन्ही तट समोरासमोर बसले होते आणि कोण आधी शिवी देतो एवढेच बघायचे राहिले होते. आबा उठले.

"मला बोलायचं न्हाय. फकस्त एक करा. जो बोलंल, त्यानं म्होरल्या माणसाला निवडणुकीच्या आधी जी हाक मारत हुता, ती हाक आधी मारायची. काका तर काका, मामा तर मामा. मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

कुणीतरी फिस्सकन हसले. मग आबांच्याच तटातला एक गडी उठला. "अरे, तुमी लोक," असे त्याने सुरू केले.

"नात्यानं," आबा म्हणाले.

तो अडखळला. समोर त्याच्या आईच्या चुलत्याचा मुलगा बसला होता. त्याने इकडे तिकडे पाहिले. "मामा," म्हणाला, आणि आवाज अर्ध्यावर आला. "मामा, माझ्या पोरीच्या लग्नाला तुमी आला न्हाईत. ते बी पक्षानंच सांगितलं हुतं का?"

"मला बोलावणंच न्हवतं."

"तुमी यायचा न्हाईत असं वाटलं, म्हणून बोलावलं न्हाय."

"बोलावलं असतं तर आलो असतो की. आहेर घेऊन ठेवला हुता. अजून कपाटात हाय."

त्यावर कुणी हसले नाही. मी त्या दोघांकडे बघत राहिलो. तात्यांनी केले होते, तेच या माणसाने लहान प्रमाणात केले होते. समोरचा वाईट वागणारच, असे धरून त्याने आपणच आधी नाते तोडले होते. आणि बैठक पुढे सरकली तसे एकेक जण तेच सांगू लागला. भाषा कडकच होती, आरोपही झाले, दोन वेळा मला मध्ये पडावे लागले. पण मावशी, दादा, काका असे तोंडून निघाल्यावर पुढची शिवी बहुतेकांना जड जात होती. शेवटी तात्या उठले. दोन्ही तटांकडे तोंड करून त्यांनी कबुली पुन्हा दिली. आबांकडे वळून "आबा" एवढेच म्हणाले आणि खाली बसले. धिंडीचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही.

त्या गावात सगळे एकाच पक्षाचे झाले, असे कुणी समजू नये. चहाचे गाडे दोनच राहिले. आबा अधूनमधून दुसऱ्या गाड्यावर जाऊन बसू लागले, एवढा फरक पडला. तात्यांशी त्यांचे बोलणे सुरू व्हायला कितीतरी महिने गेले, आणि पहिले बोलणेही फवारणीच्या औषधावरून झाले, असे पोलीस पाटलांनी मला सांगितले.

चौकशीत मी अनेकदा आवाज चढवला आहे, धाक दाखवला आहे. नोकरीचा तो भागच होता. पण तात्यांच्या तोंडून खरे निघाले, ते आबांच्या दोन वाक्यांनी. स्वतःचे चुकलेले बोलणे त्यांनी आधी मान्य केले आणि समोरच्याच्या नुकसानीची मनापासून विचारपूस केली. तात्यांकडे आलेल्या प्रत्येकाने 'कुणी केले' असे विचारले होते. मीही तेच विचारले होते.

हल्ली फिरायला येणाऱ्या मंडळींतही राजकारण निघते. शिकलेली, निवृत्त, चांगली माणसे. कुणीतरी हमखास म्हणते, "ते लोक काय करतील याचा नेम नाही." मी वाद घालत नाही. मी विचारतो, "त्यांच्यापैकी एखाद्याशी तुम्ही शेवटचे कधी बोललात?" बहुतेक वेळा समोरचा माणूस थोडा वेळ आठवत राहतो, आणि मग आम्ही पुढची फेरी घालतो.